पुढचं घरी!

पेठेबाई पुस्तक मिटायच्या तेव्हा आवाज व्हायचा. हळूच मिटणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन्ही हातांनी टाळी वाजवावी तसं फटकन मिटायच्या, आणि नेमकं अशा जागी की अख्खा वर्ग कळवळायचा. वाघाने उडी घेतलेली असायची आणि तो अजून हवेतच असायचा. चोराने कडीला हात घातलेला असायचा आणि घरात म्हातारी एकटी असायची. फट्!

"बाई, नाही! बाई, पुढे! बाई, एकच पान!"

बाई टेबलाला टेकून उभ्या असायच्या. उंच, हडकुळ्या, गडद रंगाचं नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, नाकावर घसरलेला चष्मा. वाचता वाचता त्यांनाच धाप लागलेली असायची. चेहरा मात्र आमच्यापेक्षा फुललेला. आमचा ओरडा त्या मन लावून ऐकून घ्यायच्या, जणू काही जेवणानंतरचा विडाच चघळतायत, आणि मग म्हणायच्या, "पुढचं घरी!"

पन्नास सालच्या आसपासची डोंबिवली ती. स्टेशनच्या आजूबाजूला चार चाळी, थोडे कौलारू बंगले, आणि ते संपले की भातशेती. मुंबईत जागा मिळेना म्हणून आमच्यासारखी नोकरदार माणसं तिकडे येऊन राहिलेली. संध्याकाळी घरोघर कंदिलाच्या काचा पुसल्या जायच्या. शाळा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची इमारत, आणि पाऊस लागला की पाढे सुद्धा ऐकू यायचे नाहीत. मी तिसरीत होते तेव्हा पेठेबाई आम्हाला आल्या.

आमच्या घरात वाचायचं म्हणजे क्रमिक पुस्तक. ते सुद्धा मोठ्याने, दिवेलागणीला, एका सुरात. वडील ऑफिसातून येऊन आरामखुर्चीत पडलेले असायचे आणि मी तोच धडा पुन्हा पुन्हा म्हणत असायचे. वाचून मजा येते असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. बाईंनी तसं कधी सांगितलंही नाही. वाचनाचे फायदे, वाचाल तर वाचाल, असलं एक अक्षर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. त्या फक्त पुस्तक मिटायच्या.

आणि मिटलेलं पुस्तक कुणाला तरी द्यायच्या. खरी गंमत तिथे होती.

पहिल्या वेळी आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मी तर बाकावर उभी राहिले. मी वर्गात सगळ्यात भरभर वाचायची, त्यामुळे पुस्तक मलाच मिळणार याबद्दल मला शंकाच नव्हती. बाईंनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि हात खाली ठेवून, मानही खाली घालून बसलेल्या सदूला हाक मारली.

सदूला जोडाक्षरं येत नव्हती. साधी अक्षरंसुद्धा तो एकेक करून, विहिरीतून बादली ओढावी तशी ओढून काढायचा. बाईंनी पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि वर्गाला म्हणाल्या, "शनिवारी दुपारी सदू पुढचं वाचणार आहे. त्याच्या ओटीवर. ज्याला ऐकायचं असेल त्याने जावं."

सदूचा चेहरा रडवेला झाला. "बाई, मला येत नाही."

"मग काय झालं? ऐकणारे असतीलच की मदतीला."

मी घरी जाऊन आईजवळ तणतणले. मग दुसऱ्या दिवशी धीर करून बाईंनाच विचारलं. त्यांची खोली आमच्या चाळीच्या मागेच होती. बाई एकट्या राहायच्या. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पुसलेलं, मग भावाने पुण्याला शिकायला ठेवलं आणि त्या ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाल्या, एवढंच चाळीला ठाऊक होतं. स्वयंपाक करताना त्यांच्या डाव्या हातात पुस्तक असायचं. करपलेल्या भाताचा वास आला की आई म्हणायची, "आज बाईंना पुस्तक चांगलं मिळालेलं दिसतंय."

तसाच वास सुटला होता तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. "बाई, सदूला वाचता येत नाही. मग पुस्तक त्याला का?"

बाईंनी पातेल्यातला काळा भात बाजूला सारत माझ्याकडे पाहिलं. "तुला दिलं असतं तर काय केलं असतंस?"

"रात्रीत वाचून संपवलं असतं!"

"बघ. चांगलं वाचणारा एकटाच खाऊन मोकळा होतो. अडखळणाऱ्याच्या हातात दिलं की चार जण धावतात." एवढं बोलून त्यांनी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

शनिवारी सदूच्या ओटीवर मुलं मावत नव्हती. सदू वाचायला लागला. "वा... घा... ने..." आमचा जीव नुसता टांगणीला! वाघ हवेत, आणि सदू 'ने' वर अडकलेला. शेजारचा मुलगा ओरडला, "झडप! झडप आहे ते!" सदू म्हणाला, "थांब ना, मी वाचतोय." पुढच्या ओळीत जोडाक्षर आलं तर सगळ्यांनी मिळून ते फोडलं, जोडलं, आणि पुन्हा सदूच्या तोंडात घातलं. पान संपायला किती वेळ लागला देव जाणे, पण त्या संथपणाने वाघ कधी नव्हे इतका भयंकर झाला. सदूची आई हातातलं निवडायचं सूप तसंच मांडीवर घेऊन दारात बसली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत सदू घडाघडा वाचायला लागला. त्याला तसं सांगितलं तर तो म्हणायचा, "काय करणार? एवढी पोरं डोक्यावर बसायची."

मग हे दर आठवड्याला सुरू झालं. बाई महिन्यातून एकदा ठाण्याला जाऊन तिथल्या ग्रंथालयातून पिशवी भरून आणायच्या. त्यांची स्वतःची एक ट्रंकही होती. पुस्तक या घरातून त्या घरात फिरायचं आणि त्याच्या मागे आम्ही.

गोदीचं घर सगळ्यात लांब होतं. मानपाड्याच्या वाटेवर, शेताच्या बांधाबांधाने जावं लागायचं. बाई स्वतः आमच्याबरोबर आल्या होत्या, लुगडं वर खोचून, चपला हातात घेऊन. तेव्हा आमचं नवं पुस्तक सुरू झालं होतं. एका तांडेलाचा, म्हणजे गलबत हाकणाऱ्याचा, मुलगा होता. त्याचं नाव हरबा. बाप समुद्रात गेला तो परत आलाच नाही, म्हणून हरबा त्याला शोधायला निघतो. त्या दिवशी वादळात त्याचं गलबत फुटलं आणि हरबा एका फळीला धरून पाण्यात पडला. गोदीने इथपर्यंत वाचलं आणि बाईंनी सवयीने फट्कन पुस्तक मिटलं.

गोदीची आजी चुलीपुढे बसली होती. सबंध वेळ तिने इकडे पाहिलंही नव्हतं. ती एकदम उठून दारात आडवी झाली.

"कुठं चालली बाय?"

"घरी. पुढचं पुढच्या शनिवारी."

"पोराला पान्यान टाकून घरा चालली? त्याला भायेर काड आदी!"

बाई हसल्या. "आजी, गोष्ट आहे हो ती."

"गोस्ट असंल नायतर कंय असंल. आईचा पोर हाय ना त्यो? रातभर पान्यान ऱ्हाईल?"

म्हातारीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिचा एक मुलगा खाडीत गेला होता, हे गोदीने आम्हाला नंतर सांगितलं. पण बाईंना ते तेव्हाच उमगलं असावं. त्या परत बसल्या, पुस्तक उघडलं आणि गोदीला म्हणाल्या, "वाच. किनारा लागेपर्यंत वाच." हरबा एका बेटाला लागला, तिथल्या दीपगृहाच्या पायरीशी जाऊन पडला, तेव्हा कुठे आजी दारातून हलली. तिने आम्हा सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

याच सुमारास शाळेत दिपोटी साहेब तपासणीला आले. त्यांनी एका मुलाला नद्यांची नावं विचारली. ती त्याला आली नाहीत. मग घरी काय वाचतोस, असं विचारल्यावर मात्र त्याने हरबाची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की बाकीचा वर्गही मधूनमधून ओरडायला लागला. साहेब काही विरघळले नाहीत. शेरा लिहून गेले की शाळेचा वेळ अवांतर वाचनात दवडला जातो. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून सांगितलं की यापुढे वर्गात गोष्टीचं पुस्तक दिसता कामा नये.

आमची तोंडं उतरली. बाई वर्गात आल्या त्या मात्र हात चोळत. "शाळेत वाचायचं नाही असा हुकूम आहे. बरं झालं! आता पहिल्या पानापासून सगळंच घरी."

त्यानंतर शनिवार-रविवार, दोन्ही दिवस वाचन होऊ लागलं. आमच्या घरी पाळी आली तेव्हा वडील बाहेर गेले होते. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती आणि त्या दिवशी लाटण्याचा आवाज मधूनमधून थांबत होता. हरबा दीपगृहात राहायला लागला होता. तिथे वर एक बंद खोली होती, तिला बाहेरून गंजलेलं कुलूप. आणि त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीत, भर दुपारी, खोलीच्या आतून कुणीतरी दार ठोठावलं.

फट्!

त्या आठवड्यात डोंबिवलीत दुसरा विषय नव्हता. आत कोण? भूत, म्हणे एक जण. समुद्री चाचा, म्हणे दुसरा. कुणी म्हणे माकड. विहिरीवर बायका सुद्धा बोलायला लागल्या. आईने मला वेणी घालता घालता विचारलं, "कोण गं असेल त्या खोलीत?"

"मला काय ठाऊक? शनिवारी कळेल."

"कुणाकडे आहे शनिवारी?"

"गोविंदाकडे."

आईचे हात थांबले.

गोविंदा आमच्या वर्गात मागच्या कोपऱ्यात बसायचा. त्याचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचे मजूर. रुळांच्या पलीकडे खलाशांच्या खोल्यांची रांग होती, तिथे राहायचे. ते महार. अस्पृश्यता कायद्याने गेली होती, पण आमच्या विहिरीवरून अजून गेली नव्हती. गोविंदाची पाळी येणार हे काही कुणी लपवलेलं नव्हतं. पण मोठ्या माणसांच्या ते ध्यानात आलं नव्हतं, आणि ध्यानात आल्यावर दोन दिवसांत एकजात सगळ्या घरांतून नकार आला. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाला ताप येणार होता. माझे वडील निदान सरळ होते. ते बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते.

"पेठेबाई, वाचन करा, माझं काही म्हणणं नाही. पण मुलांना तिकडे नेऊ नका."

"मी कुठे नेते? पुस्तक जातं, मुलं त्याच्या मागे जातात."

"एवढी एक पाळी तुमच्याच खोलीत घ्या. त्या मुलालाही बोलवा. बाहेर ओटीवर बसू दे त्याला."

बाईंनी चष्मा वर सारला. त्यांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "पाळी गोविंदाच्या घरची आहे. तो आठवडाभर पहिली ओळ घोकतोय. मी जाणार आणि मी ऐकणार. तुमच्या मुलीला त्या खोलीत कोण आहे ते ऐकायचं नसेल तर ठेवा घरी."

वडिलांनी घरी येऊन सांगितलं, "जायचं नाही." झालं. मी शनिवारी सकाळी जेवले नाही. रडून काही उपयोग नव्हता म्हणून रडलेही नाही. वडील शनिवारी अर्ध्या दिवसाच्या ऑफिसला गेले होते. दुपारी आई मागचं आवरून आली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"रुळांपलीकडे. तुला एकटीला कशी पाठवू? सोबत नको का?"

माझ्या पायात चप्पल होती की नव्हती मला आठवत नाही. आम्ही निघालो तर चाळीच्या तोंडाशी सदू आणि त्याची आई उभी! सदूची आई घाईघाईने म्हणाली, "मी आपली सहज..." आई म्हणाली, "आम्हीही सहजच." मग चौघं मिळून चालू लागलो. रूळ ओलांडून पलीकडे पाहिलं तर बांधावरून गोदी पळत येत होती आणि तिच्या मागून काठी टेकत तिची आजी.

वर्गातली निम्मी मुलं आली नव्हती. आली त्यातली बरीचशी घरी न सांगता आलेली. खोलीपुढे अंगण झाडून, सडा घालून ठेवलं होतं. बाई गोधडीवर मधोमध बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी गोविंदा. धुतलेला सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि मांडीवर पुस्तक. एवढी माणसं येताना बघून त्याने पुस्तक घट्ट धरलं. त्याचे वडील भिंतीशी उभे होते, टोपी हातात घेऊन. स्वतःच्याच अंगणात परके असल्यासारखे.

"बसा ना," गोविंदाची आई म्हणाली. मुलं बसली. बायका अंगणाच्या कडेला उभ्याच राहिल्या.

गोविंदाने सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाजच फुटेना. सदू म्हणाला, "हळूहळू वाच. घाई नाही." हे सदूने म्हणावं! सगळे हसले, आणि त्या हसण्यात गोविंदाचा आवाज सुटला. हरबाने दगड घेतला. कुलपावर पहिला घाव घातला. आतला आवाज थांबला. दुसरा घाव. गंज गळून पडला. ऐकता ऐकता आई एकेक पाऊल पुढे सरकत होती. तिला पान दिसायला हवं होतं. ती दुसरीपर्यंत शिकलेली. पान दिसेना तेव्हा ती खाली बसली, गोविंदाच्या आईच्या गोधडीवर, बाईंना लागून.

तेवढ्यात गोविंदाच्या आईने चहा आणला. पितळी पेले, राखेने घासून लख्ख केलेले. बाईंनी पेला उचलला आणि पुस्तकावरची नजर न काढता पिऊन टाकला. दुसरा पेला आईपुढे आला. आईने तो हातात घेतला. मी आईकडे बघत होते. गोविंदाची आई बघत होती. भिंतीशी उभे असलेले त्याचे वडीलही बघत होते.

"कु... लूप... तु... ट... लं!" गोविंदा ओरडला. "दार... उ... घ... डलं!"

सगळ्यांची तोंडं वळली. आतून कोण आलं? केस वाढलेले, दाढी वाढलेली असा एक माणूस. हरबा मागे सरकला. आणि त्या माणसाने त्याला नावाने हाक मारली. गोविंदा 'ओळखीचा' या शब्दावर अडला. 'ओ', 'ळ', 'खी'. आणि माझ्या शेजारून आई ओरडली, "अगंबाई, बाप! त्याचा बाप आहे तो!"

जो काय गलका झाला! गोदीची आजी काठी आपटत होती, मुलं उड्या मारत होती, पेठेबाई टाळ्या पिटत होत्या, आणि गोविंदा सगळ्यांवर ओरडत होता, "थांबा! मी वाचतोय! अजून वाचायचंय!"

आई तो चहा कधी प्यायली ते मी पाहिलं नाही. गोष्ट संपली तेव्हा पेला रिकामा होता.

वडिलांना ते त्याच संध्याकाळी कळलं. ते आईशी बरेच दिवस बोलले नाहीत. इतर काही घरांतून हेडमास्तरांकडे तक्रारी गेल्या, आणि वर्ष संपता संपता बाईंच्या बदलीचा हुकूम आला. कल्याण. आम्ही रडारड केली तेव्हा बाई रागावल्या. "कल्याण काय विलायतेत आहे? आणि पुस्तकं तुमच्याकडेच ठेवून चाललेय." खरंच त्यांनी आपली ट्रंक रिकामी केली. शनिवारचं वाचन त्यांच्यानंतरही आमच्या गल्लीत पुष्कळ दिवस चाललं. आमची गोडी कमी झाली तेव्हाही बायका जमत होत्या. एका शनिवारी वडील लवकर घरी आले तर ओटीवर बायका, मुलं आणि मध्ये गोविंदाची आई. वडील सरळ आतल्या खोलीत गेले. पण त्यांनी मधलं दार लावून घेतलं नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते कल्याणला. मॅट्रिकचा निकाल लागला होता आणि मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले होते. तळ्याजवळ एका वाडीत त्या राहत होत्या. केस पार पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. अंगणात बाई उभ्या, आणि त्यांच्यासमोर दोन वेण्यांची एक चिमुरडी, हातातलं पुस्तक पाठीमागे लपवून.

"बाई, मी काल सगळं वाचून टाकलं! चोर कोण आहे सांगू?"

"खबरदार!"

"सांगू? सांगू?"

मी पुढे होऊन वाकले. बाईंनी मला ओळखलं, पाठीवर हात फिरवला, पण लक्ष सगळं त्या मुलीकडे. मी हसून म्हटलं, "सांगू दे की बाई तिला. तुम्हाला तर ठाऊकच असेल."

"मला कसं ठाऊक असणार?" बाई चकित होऊन म्हणाल्या. "मी कधीच पुढचं वाचत नाही गं. मुलांबरोबर वाचते तेवढंच. नाहीतर मला काय मजा?"

"चोर म्हणजे तो..." मुलीने तोंड उघडलं.

बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले, डोळे घट्ट मिटले आणि त्या वाकलेल्या पाठीने तुरुतुरु घरात पळाल्या. ती मुलगी खिदळत त्यांच्या मागे. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून अंगणात उभी होते, आणि आतून बाईंचा आवाज येत होता, "ऐकू येत नाहीये मला! काही ऐकू येत नाहीये!"